हॅरिस पार्क: सिडनीच्या 'लिटल इंडिया'ची जमीन, घरं आणि माणसं

सिडनीच्या हॅरिस पार्क स्टेशनाबाहेर स्टेशन स्ट्रीट ईस्ट, मॅरियन स्ट्रीट आणि विग्रॅम स्ट्रीट असे तीन रस्ते आहेत. चाट, दोसा, छोले-भटुरे, बिर्याणी, मिठाई, किराणा, कपडे असं सगळं या तीन रस्त्यांवर मिळतं. यातली बरीच हॉटेलं मात्र दुकानाच्या गाळ्यांत नाहीत, जुन्या बैठ्या घरांत आहेत. पुढे व्हरांडा, वर उतरतं छप्पर, रस्ता आणि घर यांच्यामध्ये लहानसं अंगण, आणि त्या अंगणात मांडलेली टेबलं. मागच्या गल्लीत गेलं तर तीन मजली विटांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारती दिसतात. उत्तरेला दहा मिनिटं चाललं की पॅरामॅटाचे काचेचे टॉवर सुरू होतात.

इतक्या लहान जागेत इतक्या वेगवेगळ्या तऱ्हेच्या इमारती कशा आल्या, आणि भारतीय लोक नेमके इथेच का जमले, या दोन्हींचं उत्तर इथल्या जमिनीच्या वाटणीत सापडतं. माणसं पिढीगणिक बदलली, जमिनीचे तुकडे मात्र बरेचसे तेच राहिले. प्रत्येक नवी वस्ती आधीच्या वस्तीने आखलेल्या चौकटीत जाऊन बसली.

आधी 'सबर्ब' म्हणजे काय ते पाहू

आपण उपनगर म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर अंधेरी किंवा मुलुंड येतं, म्हणजे शहराबाहेरचा पण लाखोंच्या वस्तीचा भाग. ऑस्ट्रेलियात सबर्ब हे पत्त्याचं एकक आहे. शहराचा प्रत्येक भाग, अगदी मध्यवर्ती भागसुद्धा, कोणत्या ना कोणत्या सबर्बमध्ये मोडतो. त्याच्या हद्दी आणि नाव न्यू साउथ वेल्स राज्याचं भौगोलिक नामकरण मंडळ ठरवतं. सबर्बला स्वतःचा नगरसेवक नसतो, स्वतःचं कार्यालयही नसतं. कचरा, बांधकाम परवाने, पार्किंगचे नियम हे काउन्सिलचं काम, आणि हॅरिस पार्कसाठी ते काउन्सिल म्हणजे सिटी ऑफ पॅरामॅटा. रेल्वे, पोलीस, सरकारी शाळा राज्याकडे. व्हिसा आणि स्थलांतर केंद्र सरकारकडे. एखादी तक्रार चुकीच्या दारात नेली की महिनोन्महिने काही होत नाही, म्हणून नव्या माणसाने ही विभागणी पहिल्या आठवड्यातच समजून घ्यावी.

हॅरिस पार्क सिडनीच्या मध्यभागापासून पश्चिमेला साधारण २० किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटरपेक्षाही कमी. पिनकोड २१५०, तोच पॅरामॅटाचाही. २०२१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ५,००० च्या आसपास होती आणि त्यात भारतात जन्मलेल्यांचा वाटा ४० टक्क्यांहून जास्त होता. नेपाळी लोकही बरेच आहेत.

हद्दींमुळे एक घोटाळा नेहमी होतो. या परिसराच्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं घर, एलिझाबेथ फार्म, आज पत्त्याने शेजारच्या रोझहिल सबर्बमध्ये येतं आणि त्याचा पिनकोड २१४२ आहे. पण ते ॲलिस स्ट्रीटवर आहे, आणि तोच रस्ता हॅरिस पार्कमधून जातो. इतिहास समजून घेताना या रेषा थोड्या बाजूला ठेवाव्या लागतात, कारण १७९३ मध्ये त्या नव्हत्याच.

पहिलं शेत

हा सगळा प्रदेश दारुग या आदिवासी लोकांच्या बुरामट्टागल कुळाचा. पॅरामॅटा नदीत इथपर्यंत समुद्राच्या भरतीचं पाणी येतं आणि इथून वर गोडं पाणी लागतं. अशा संगमाच्या जागी मासे आणि वाम भरपूर. ब्रिटिशांनी जानेवारी १७८८ मध्ये सिडनी कोव्हला तळ टाकला, पण तिथली जमीन रेताड होती आणि पीक येईना. म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते नदीने वर आले आणि रोझ हिल नावाची वस्ती वसवली. तीच पुढे पॅरामॅटा झाली. बुरामट्टागलांची जमीन कोणताही करार न करता घेतली गेली. १७८९ मध्ये देवीच्या साथीने आदिवासींमध्ये प्रचंड मृत्यू झाले. तरीही प्रतिकार थांबला नाही: १७९७ मध्ये पेमलवुय या योद्ध्याच्या नेतृत्वाखाली पॅरामॅटात थेट लढाई झाली. हॅरिस पार्कचा इतिहास सांगताना बहुतेक माहितीफलक पहिल्या गोऱ्या शेतकऱ्यापासून सुरुवात करतात, ते अपुरं आहे.

तो पहिला शेतकरी म्हणजे जेम्स रूस, कॉर्नवॉलचा, सात वर्षांची शिक्षा झालेला कैदी. वसाहतीत अन्नाचा तुटवडा भयंकर होता आणि गव्हर्नर आर्थर फिलिपला एका साध्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं: एका कुटुंबाला स्वतःच्या पायावर उभं राहायला किती जमीन आणि किती काळ लागतो? नोव्हेंबर १७८९ मध्ये त्याने रूसला दीड एकर साफ केलेली जमीन दिली, आणखी ५ एकर साफ करायला मदत दिली, २ डुकरिणी, ६ कोंबड्या आणि ठरावीक काळापुरता सरकारी शिधा.

रूसने काय केलं ते मरीन अधिकारी वॉटकिन टेंच याने नोंदवून ठेवलं आहे, आणि शेतीची जाण असलेल्या कोणालाही ते वाचून समाधान वाटेल. पडलेली झाडं जाळायची आणि राख मातीत खणून घालायची. मग कुदळीने जमीन खणायची, पण दिवसाला आठ-नऊ रॉडपेक्षा जास्त नाही. एक रॉड म्हणजे इथे साधारण २५ चौरस मीटर, म्हणजे दिवसाचं काम दोन-सव्वादोन गुंठे. ढेकळं फोडायची, गवत आणि तण मातीतच गाडायचं, मग जमीन ऊन-वाऱ्यात जितकी राहील तितकी मोकळी ठेवायची आणि पेरणीच्या तोंडावर पुन्हा एकदा उलटीपालटी करायची. पीक निघाल्यावर टर्निप लावायचा आणि पेंढा खड्ड्यात पुरून त्याचं खत करायचं. नांगर नाही, बैल नाहीत. सरकारी शेतावर कैद्यांकडून जमीन नुसती वरवर खरवडून घेतली जात होती, तिथलं पीक का फसलं हे यातून कळतं. फेब्रुवारी १७९१ मध्ये रूसने सांगितलं की आता शिधा नको. मग त्याला ३० एकरांची सनद मिळाली. वसाहतीत कोणाही व्यक्तीला दिलेली ही पहिली जमीन.

ऑक्टोबर १७९३ मध्ये त्याने ती ४० पौंडांना विकली आणि हॉक्सबरी नदीकाठच्या जास्त सुपीक गाळाच्या जमिनीकडे निघून गेला. विकत घेणारा होता लष्करी डॉक्टर जॉन हॅरिस.

चितळ, बंगाली मेंढ्या आणि व्हरांडा

हॅरिसचा भारताशी आलेला संबंध त्याच्या जनावरांत दिसतो. १८०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याने भारतातून चितळ आणले. ऑस्ट्रेलियात आणलेलं हे पहिलं हरीण. १८१३ पर्यंत त्याच्याकडे ४०० च्या आसपास चितळ झाले होते.

रूसच्या जागेवर हॅरिसने १८३० च्या दशकात जे घर बांधलं ते आज एक्सपेरिमेंट फार्म कॉटेज म्हणून रूस स्ट्रीटवर उभं आहे. बैठं घर, रुंद व्हरांडा, त्यावरून खाली उतरत आलेलं छप्पर. कंपनी सरकारच्या काळातले आपल्याकडचे बंगले पाहिलेत तर ओळख लगेच पटेल. ब्रिटिश अधिकारी आणि व्यापारी कलकत्ता, मद्रास आणि सिडनी यांच्यात ये-जा करत होते आणि उष्ण हवेत कसं राहायचं हे ते भारतात शिकले होते.

एका बाबतीत मात्र दिशा उलटी होते. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो. म्हणून एलिझाबेथ फार्मचं तोंड उत्तरेला, नदीकडे आहे. हिवाळ्यात तिरपं ऊन व्हरांड्यातून खोलीत येतं, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने छप्पर ते अडवतं. आजही सिडनीत घराच्या जाहिरातीत 'उत्तरमुखी' हा गुण म्हणून लिहितात. घर किंवा भाड्याची खोली पाहताना हे लक्षात ठेवावं: दक्षिणेला तोंड असलेल्या तळमजल्याच्या खोलीत जून ते ऑगस्ट ऊन येत नाही आणि भिंतींवर बुरशी धरते.

एलिझाबेथ फार्मची १०० एकर जमीन फेब्रुवारी १७९३ मध्ये लष्करी अधिकारी जॉन मॅकार्थरला मिळाली आणि त्याच वर्षी घर उभं राहिलं. ६८ फूट लांब, १८ फूट रुंद, चार खोल्या, मधे मोठा दिवाणखाना, वर मजला नाही. मजला का नाही? सुरुवातीच्या सिडनीत विटा भरपूर भाजता येत होत्या पण चुनखडी सापडत नव्हती. चुना शिंपले जाळून मिळवावा लागे, तो थोडा आणि महाग. बहुतेक भिंती मातीच्या गाऱ्यात रचल्या जात, आणि अशा भिंती उंच केल्या तर पावसाने सांधे विरघळून कलतात. मग घर बैठं ठेवायचं आणि भिंतींवर पावसाचा मारा बसू नये म्हणून छप्पर बाहेर काढायचं. एलिझाबेथ फार्म पुढच्या चाळीस वर्षांत वाढत आणि बदलत गेलं, पण १७९३ चा गाभा आत शिल्लक आहे. ऑस्ट्रेलियात युरोपीय पद्धतीने बांधलेलं आणि आजही उभं असलेलं हे सगळ्यात जुनं घर.

मॅकार्थर कुटुंबाचं नाव मरिनो जातीच्या मेंढ्यांच्या लोकरीशी जोडलं जातं, पण कळपाची सुरुवात बंगाली मेंढ्यांपासून झाली. १७९४ च्या सुमारास मॅकार्थरने कलकत्त्याहून आलेल्या ६० बंगाली मेंढ्या आणि कोकरं घेतली. त्यांच्या अंगावर लोकर नव्हे, केस असत. आयर्लंडच्या मेंढ्यांशी संकर झाल्यावर कोकरांच्या अंगावर केस आणि लोकर मिसळून आली. १७९७ मध्ये केप ऑफ गुड होपहून मरिनो आल्यावर खरं काम सुरू झालं: मरिनो नर आणि संकरित मादी यांच्या पहिल्या पिढीत अर्धा मरिनो, दुसरीत तीन चतुर्थांश, तिसरीत सात अष्टमांश. प्रत्येक पिढीतून केसाळ कोकरं बाजूला काढायची. हे हिशेबाने, वर्षानुवर्षं करावं लागतं, आणि ते करणारी होती एलिझाबेथ मॅकार्थर. तिचा नवरा १८०८ च्या बंडात गव्हर्नर ब्लाय याला पदच्युत करण्यात पुढे होता, त्यामुळे १८०९ ते १८१७ त्याला इंग्लंडमध्ये अडकून पडावं लागलं. त्या आठ वर्षांत शेती, मजूर, कळप आणि हिशेब तिने सांभाळले. घराला तिचं नाव आहे ते योग्यच आहे.

जवळच हॅम्बल्डन कॉटेज आहे, १८२४ मध्ये बांधलेलं. मॅकार्थर मुलांची शिक्षिका पेनेलोपी लुकास तिथे राहत होती.

इस्टेटीचे तुकडे

आज जे हॅरिस पार्क दिसतं ते १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात आखलं गेलं. रेल्वे १८५५ मध्ये आजच्या ग्रॅनव्हिलपर्यंत आली आणि १८६० मध्ये पॅरामॅटात पोचली. १८६३ पासून राज्यात टॉरेन्स पद्धत लागू झाली. याआधी जमीन विकत घेताना मागच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी तपासावी लागे. टॉरेन्स पद्धतीत सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव तोच मालक, आणि त्या नोंदीची हमी सरकार देतं. मोठी इस्टेट शंभर तुकड्यांत विकणं यामुळे सोपं झालं, कारण शंभर गिऱ्हाइकांना शंभर वकील लावून जुनी कागदपत्रं खणावी लागत नव्हती.

इस्टेट विकायची रीत ठरलेली होती. मोजणीदार सरळ रेषेत रस्ते आखून खुंट्या ठोकतो. रस्त्यालगत अरुंद, मागे लांब असे तुकडे पाडले जातात, कारण रस्त्याकडेची जागा महाग आणि प्रत्येकाला थोडी तरी हवी. मग शनिवारी जागेवरच लिलाव, थोडी रक्कम आधी आणि बाकी हप्त्यांनी. १८८१ मध्ये एलिझाबेथ फार्मची इस्टेटही मॅकार्थर कुटुंबाच्या हातून गेली. त्याच दशकात क्लाइड आणि ग्रॅनव्हिलच्या बाजूला रेल्वेचे डबे आणि यंत्रं बनवणारे कारखाने उभे राहिले, आणि हॅरिस पार्कचे तुकडे घेणारे बरेच जण कारागीर, रेल्वे कामगार, छोटे व्यापारी होते. त्यांनी एक मजली घरं बांधली: काही विटांची, काही आडव्या लाकडी फळ्यांची. पुढे व्हरांडा, मधून बोळ, बोळाच्या बाजूंना खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि लांब परसू.

परसातला शौचकूप गेला, मोटारी आल्या, पण तुकड्याचा आकार बदलला नाही. आज विग्रॅम स्ट्रीटवरच्या हॉटेलात अंगणात बसून जेवता, बोळातून आत जाता आणि स्वयंपाकघर सगळ्यात मागे असतं, त्या मांडणीचं मूळ या अरुंद-लांब तुकड्यांत आहे. पार्किंग मिळत नाही याचंही.

अशी घरं विकत घेणाऱ्यांनी किंवा दुरुस्त करणाऱ्यांनी तीन गोष्टी जाणाव्यात. पश्चिम सिडनीचा हा भाग शेल खडकावर आहे आणि वरची माती चिकण. ती पावसात फुगते, दुष्काळात आकसते. जुन्या घरांचा पाया उथळ, त्यामुळे खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा पडतात. भेग बुजवण्याआधी पन्हाळीचं पाणी पायाजवळ मुरतं का ते पाहा. ते थांबवलं नाही तर भेग पुन्हा येते. दुसरं, जुन्या विटा चुन्याच्या मऊ गाऱ्यात बसवलेल्या असतात. सांधे सिमेंटने भरले तर भिंतीतली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही, ती विटेतून निघते आणि विटेचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. सांधे चुन्यानेच भरावेत. तिसरं वाळवी. खरेदीआधी इमारत आणि वाळवी तपासणीचा अहवाल घेतल्याशिवाय सही करू नये.

याच परिसरातून क्ले क्लिफ क्रीक नावाचा ओढा नदीकडे जातो. तो काँक्रीटच्या नाल्यात बंदिस्त आहे, त्यामुळे कोरड्या दिवसांत लक्षातही येत नाही, पण जोराच्या पावसात आजूबाजूच्या सखल जागांत पाणी भरतं. काउन्सिलकडून मिळणाऱ्या कलम १०.७ च्या नियोजन प्रमाणपत्रात त्या जागेवर पुराचे किंवा वारसा-संरक्षणाचे नियम लागू आहेत का ते कळतं. विक्रीच्या करारासोबत ते जोडलेलं असतं. बहुतेक लोक ते उघडूनही पाहत नाहीत, आणि मग मागे खोली वाढवायला गेल्यावर अडतात.

तीन मजली इमारती आणि लेबनॉनहून आलेले लोक

१९६१ मध्ये न्यू साउथ वेल्सने स्ट्रॅटा कायदा केला. त्याआधी फ्लॅट विकत घ्यायचा म्हणजे इमारतीच्या मालक कंपनीचे शेअर घ्यायचे, आणि त्यावर बँका सहजी कर्ज देत नसत. स्ट्रॅटामुळे फ्लॅटचा स्वतंत्र मालकीहक्क स्वतःच्या नावावर मिळू लागला. जिना, छप्पर, बाग सगळ्यांच्या सामायिक मालकीची. आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीत इमारत आणि जमीन सोसायटीच्या नावे असते आणि सभासदाकडे शेअर असतो, तिथे आणि इथे हा फरक आहे. साहजिकच बिल्डरांनी शेजारचे दोन तुकडे एकत्र घेऊन घरं पाडली आणि विटांच्या इमारती उभ्या केल्या. उंची तीन मजल्यांवर थांबली कारण त्यापुढे लिफ्ट लागते आणि खर्च वाढतो. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या या इमारती दिसायला साध्या आहेत, पण हॅरिस पार्कमध्ये स्वस्त भाड्याची घरं त्यांनीच पुरवली. त्या नसत्या तर पुढची कोणतीच वस्ती इथे उभी राहिली नसती.

१९७५ मध्ये लेबनॉनमध्ये यादवी सुरू झाली आणि ती १९९० पर्यंत चालली. तिथून निघालेली अनेक ख्रिस्ती कुटुंबं इथे आली. ॲलिस स्ट्रीटवरचं अवर लेडी ऑफ लेबनॉन हे मॅरोनाइट पंथाचं चर्च त्यांच्या जगण्याचं केंद्र झालं, आणि आजही आहे. लेबनीज कुटुंबांनी घरं विकत घेतली, दुकानं घातली, जम बसल्यावर त्यांच्यातले बरेच जण आणखी बाहेरच्या, मोठ्या घरांच्या सबर्बमध्ये गेले. मागे राहिलेली घरं भाड्याने द्यायला मोकळी झाली. पुढे काही वर्षांनी भारतीयांनी हाच रस्ता धरला.

भारतीय इथेच का आले

गोरे नसलेल्यांना बाहेर ठेवणाऱ्या 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरणाचे शेवटचे अवशेष १९७३ मध्ये काढून टाकले गेले. त्यानंतर आलेले भारतीय डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक सिडनीभर विखुरले. हॅरिस पार्कला गर्दी झाली ती २००० नंतर, विद्यार्थ्यांमुळे. त्या काळात मागणी असलेल्या व्यवसायांच्या यादीत स्वयंपाक आणि केशकर्तन होतं, आणि असा अभ्यासक्रम पूर्ण केला की कायम वास्तव्याची वाट सोपी होई. त्यासाठी ९०० तासांच्या कामाचा अनुभव दाखवावा लागे. त्याचा दुष्परिणाम असा की अनुभवाच्या दाखल्यासाठी काही मालक विद्यार्थ्यांना फुकट किंवा नाममात्र पैशांत राबवत. २०१० मध्ये सरकारने यादी बदलली, शिक्षण आणि कायम वास्तव्य यांची सांगड सैल केली, आणि अर्धा अभ्यासक्रम झालेले हजारो विद्यार्थी अधांतरी राहिले.

हॅरिस पार्कमध्ये त्यांना हवं ते सगळं होतं: पॅरामॅटा चालत जाण्याच्या अंतरावर, तिथे महाविद्यालयं आणि नोकऱ्या, रात्री उशिरापर्यंत रेल्वे, आणि चार जणांत भाडं वाटून घेता येईल असे जुने फ्लॅट. जलद गाड्या हॅरिस पार्कला थांबत नाहीत, पॅरामॅटाला थांबतात, आणि त्यामुळेही भाडं थोडं कमी राहिलं. विद्यार्थी आले म्हणून स्वस्त खाणावळी आल्या, खाणावळी आल्या म्हणून पंजाब, गुजरात, हैदराबादची कुटुंबं शनिवार-रविवारी येऊ लागली, आणि मग किराणा, मिठाई, कपडे.

जून २००९ मध्ये मेलबर्न आणि सिडनीत भारतीय विद्यार्थ्यांवर झालेल्या हल्ल्यांच्या निषेधार्थ हॅरिस पार्कच्या रस्त्यांवर काही रात्री शेकडो तरुण उतरले. हल्ले लुटीसाठी होते की वंशद्वेषातून, यावर बराच वाद झाला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. रात्रपाळी संपवून लॅपटॉप घेऊन अंधाऱ्या रस्त्याने एकटं चालत येणारा परदेशी विद्यार्थी सोपं लक्ष्य होता, आणि तक्रार केली तर व्हिसाला धक्का लागेल अशी भीती त्याला गप्प ठेवत होती.

मे २०२३ मध्ये सिडनीतल्या कार्यक्रमात नरेंद्र मोदी आणि ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अँथनी अल्बनीज यांनी हॅरिस पार्कच्या 'लिटल इंडिया' प्रवेशद्वाराच्या कोनशिलेचं अनावरण केलं. मोदींनी भाषणात 'चटकाझ'च्या चाटचा आणि 'जयपूर स्वीट्स'च्या जिलेबीचा उल्लेख केला. त्या कौतुकाला आधार होता तो १४ वर्षांपूर्वी रस्त्यावर उतरलेल्या पिढीच्या कष्टांचा, हे इथे नोंदवायला हवं.

मराठी कुटुंबं हॅरिस पार्कमध्ये फार काळ राहत नाहीत. मुलं झाली, नोकरी स्थिरावली की ती वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल, पेंडल हिल, टूंगॅबी अशी याच रेल्वेमार्गाने पुढे सरकतात. पोहे, साबुदाणा, कढीपत्ता घ्यायला मात्र परत येतात.

घराचं हॉटेल होताना

अंगण आणि व्हरांडा असलेलं घर हॉटेलसाठी आकर्षक दिसतं, पण त्याचं रूपांतर महाग आणि वेळखाऊ असतं. आधी काउन्सिलकडे वापर-बदलाचा अर्ज करावा लागतो. हॅरिस पार्कचा बराच भाग वारसा संरक्षण क्षेत्रात आहे, तिथे रस्त्यावरून दिसणारा दर्शनी भाग, छपराचा आकार, व्हरांडा यांना हात लावताना प्रत्येक गोष्ट पटवून द्यावी लागते. धुराडं मागच्या बाजूने, छपरावर रस्त्याकडून दिसणार नाही असं न्यावं लागतं, आणि तरी शेजाऱ्याच्या खिडकीत वास जाता कामा नये. तीस-चाळीस फूट रुंद तुकड्यावर हे जमवणं अवघड. अपंगांसाठी उतार आणि शौचालय लागतं, पण उतार पुढे काढला तर जुन्या पायऱ्या आणि कठडा जातो, म्हणून बऱ्याचदा तो बाजूने वळवतात.

सांडपाण्यात तेल जाऊ नये म्हणून ग्रीस ट्रॅप बसवावा लागतो आणि सिडनी वॉटरकडून व्यावसायिक सांडपाण्याची परवानगी घ्यावी लागते. ट्रॅप वेळेवर उपसला नाही तर तूप आणि तेल थंड होऊन पाइपात गोठतं, आणि शुक्रवारी रात्री गर्दीच्या वेळी मोरी उलटते. भारतीय स्वयंपाकात तळण आणि तूप जास्त, त्यामुळे अंदाज नेहमीच्या कॅफेवरून बांधला की ट्रॅप लहान पडतो.

राहायला किंवा पाहायला येणाऱ्यांसाठी

भाडं आठवड्याच्या हिशेबाने सांगतात. चार आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट कोणी मागू शकत नाही आणि ते राज्य सरकारच्या भाडे-डिपॉझिट यंत्रणेकडे जमा व्हायला हवं, घरमालकाच्या खिशात नव्हे. घराच्या अवस्थेचा अहवाल मिळाला की तो भरून सात दिवसांत परत द्यायचा. भिंतीवरचा डाग, गालिच्यावरची भोकं, बुरशी, सगळं लिहायचं आणि फोटो काढायचे. इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते ती खोली वाटून घेताना: मूळ भाडेकरूला रोख डिपॉझिट दिलं, लेखी काही नाही, आणि तो एक दिवस निघून गेला. करारात स्वतःचं नाव नसेल तर निदान रकमेची लेखी पावती आणि बँकेतून दिलेले पैसे, एवढं तरी हवंच.

जुनी घरं पाहायची असतील तर स्टेशनपासून पूर्वेला चालत आधी रूस स्ट्रीटवरचं एक्सपेरिमेंट फार्म कॉटेज गाठावं. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १९६१ मध्ये ते विकत घेतलं. तिथून एलिझाबेथ फार्म चालत जाण्याइतकंच आहे. एलिझाबेथ फार्ममध्ये दोऱ्या बांधलेल्या नाहीत: खुर्चीत बसता येतं, टेबलाला हात लावता येतो, कारण फर्निचर मूळचं नसून त्या काळच्या नमुन्यावर बनवलेलं आहे. लहान मुलांना घेऊन जायला म्हणूनच ते उत्तम. दोन्ही जागा रोज उघड्या नसतात, त्यामुळे निघण्याआधी त्यांच्या वेळा पाहाव्यात. सकाळी घरं पाहून दुपारी विग्रॅम स्ट्रीटवर यावं, कारण संध्याकाळी सातनंतर शनिवारी टेबल मिळायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. आणि गाडी घरीच ठेवून रेल्वेने यावं.